काळी दोनचा टाका

बाजा आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, टेम्पोतून, दोन गोधड्यांत गुंडाळून. त्याच्या दोन दिवस आधी खाप्याहून वहिनीचा फोन आला होता.

"ताई, जुनं छत काढून स्लॅब टाकून राहिलो आम्ही. माळा खाली करायचा आहे. तुमचा बाजा पाठवू का भंगारवाल्याले देऊ?"

भंगारवाल्याला दे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणाले, पाठव. तेही असं तुटकपणे, की ऐकणाऱ्याला वाटावं मीच तिच्यावर उपकार करते आहे.

बाजा म्हणजे इलेक्ट्रिक ऑर्गन. आमच्याकडे पेटी असो की ऑर्गन, सगळा बाजाच. हा माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, ऑर्केस्ट्रा पार्टीचा. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या बँडकडून त्याने तो सेकंडहँड घेतला होता. लाल रेक्झिन लावलेली लाकडी पेटी, चार लोखंडी पाय, चार सप्तकांच्या पट्ट्या. दादा गायचा आणि पार्टी चालवायचा, बाजा मी वाजवायचे. विशीतली पोरगी स्टेजवर ऑर्गन वाजवते हे पाहायलाच निम्मी गर्दी यायची. दादाला ते ठाऊक होतं आणि मलाही.

आता मी बासष्टची आहे. एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक म्हणून नोकरी केली, रिटायर झाले, नागपुरात मानेवाड्याला दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. लग्न झालं नाही की केलं नाही, दोन्ही म्हणता येईल. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यापासून टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांना मी उलट उत्तरं देते. तेवढंच, आवाज बसू नये म्हणून.

वाजवणं का सोडलं, असं कुणी विचारलं की गेली चाळीस वर्षं माझं उत्तर ठरलेलं. दादाने बाजा टेम्पोत फेकला म्हणून. या एका वाक्यावर मी बरंच काही उभं केलं होतं. मुंबईला गेले नाही ते त्याच्यामुळे, नाव झालं नाही ते त्याच्यामुळे, आणि एखाद्या रविवारी तर अगदी भात करपला तोही त्याच्यामुळेच.

घडलं ते असं. गणपतीचे दिवस होते, नागपूरच्या महाल भागातल्या एका मंडळापुढे आमचा कार्यक्रम होता. मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदाचा संयोजक त्या आठवड्यात नागपुरात आला होता आणि खास मला ऐकायला पहिल्या रांगेत बसला होता. दादानेच त्याला हातापाया पडून आणलं होतं. माझा एकटीचा तुकडा होता, काळी दोनमध्ये. म्हणजे काळ्या पट्ट्यांतली दुसरी, तोच माझा सा. सुरुवात झकास झाली. मी वळून दादाकडे पाहून हसलेसुद्धा. आणि मधेच सा गेला. या जातीच्या बाज्यात प्रत्येक सुराची एक वेगळी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, असते, बारा सुरांच्या बारा पाट्या. काळी दोनची पाटी बंद पडली की खालपासून वरपर्यंत चारही सप्तकांतली काळी दोन मुकी. मी ती पट्टी पाचसहा वेळा दाबली. लाकडाचा टकटक आवाज तेवढा आला.

दुसऱ्या पट्टीत वाजवता आलं असतं. चांगल्या वाजवणाऱ्याने तेच केलं असतं. मी उठले, समोर माइक होता हे विसरले आणि ओरडले, "दादा, तूनंच फेकला ना बाजा टेम्पोत!" आदल्या दिवशी बाजा चढवताना त्याची एक बाजू फळीवर आपटलेली मी पाहिली होती. माझा आवाज भोंग्यांतून तीन गल्ल्यांपर्यंत गेला. लोक हसले. दादाने मान खाली घातली आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मी कबुली समजले.

त्यानंतर मी पार्टीत पाऊल ठेवलं नाही. एका वर्षात पार्टी मोडली. दादा सासुरवाडीच्या गावी, खाप्याला गेला, सायकलचं दुकान टाकलं. आई माझ्याकडे राहिली. भांडण असं म्हणायला कधी झालंच नाही, फक्त जाणंयेणं थांबलं. लग्नाकार्यात भेटलो तर जेवला का, जेवले, एवढंच. सात वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला आम्ही दोघं भांडी कुठून भाड्याने आणायची यावर अर्धा तास बोललो, आणि तेच आमचं अलीकडचं सर्वांत मोठं बोलणं.

तर बाजा आला. टेम्पोवाल्याने समोरच्या खोलीत ठेवला आणि गेला. गोधड्या सुतळीने इतक्या नीट बांधल्या होत्या की गाठी सोडता सोडता मला घाम फुटला. दोन दिवस मी त्याच्या बाजूने नुसती येजा केली. तिसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं.

आत उंदराने संसार थाटला होता. कापूस, कागदाचे तुकडे, कुरतडलेल्या वायरी. तळाशी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या आणि कोपऱ्यात लाकडावर कुंकवाचे जुने डाग. वहिनीची हौस, असं म्हणून मी सगळं ब्रशने झाडून काढलं. मग बर्डीच्या बाजारात गेले, रेडिओच्या पार्टच्या दुकानात. यादी पाहून दुकानदार म्हणाला, "काकू, एवढे कंडेन्सर? कायचं मशीन होय?" बाजा आहे म्हटल्यावर त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "घरी कोण वाजवते?" मी म्हटलं, सध्या उंदीर वाजवून राहिले. तो मनापासून हसला. त्या आठवड्यात माझ्या बोलण्यावर हसलेला तो एकटाच माणूस, म्हणून मी नको असलेली एक टेस्टर पिनही घेऊन आले.

जुने फुगलेले कंडेन्सर बदलले. वायरी जोडल्या. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्राला थेट वीज द्यायची नसते. मधे एक साधा बल्ब जोडायचा, आत काही गडबड असली तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचतं. मी बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. म्हणजे ठीक. स्पीकरमधून हलकी घूं आली. आनंदाने मी एकटीच "वा" म्हणाले.

डावीकडून एकेक पट्टी दाबत गेले. पहिली मुकी. दुसरी मुकी. तिसरी खरखरली. चौथी, काळी दोन, दाबली आणि ती वाजली. स्वच्छ, भरदार, जराही न थरथरता. पुढच्या सप्तकातली दाबली, तीही वाजली. चारही वाजल्या. बाकीच्या अकरा सुरांत कुणी मुकं, कुणी घोगरं, आणि ज्या एकाने मला भर मांडवात दगा दिला होता तो एकटा ठणठणीत.

"मेल्या," मी त्याला मोठ्याने म्हटलं, "तेव्हा कुठे मेला होतास?"

आता पाट्या काढून एकेक टाका तपासणं आलं. टाका म्हणजे सोल्डरिंगचा जोड. त्यासाठी सकाळीच बसायचं ठरवलं आणि कूलर बंद ठेवला. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद. अर्ध्या तासात शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काकू, तुमचा कूलर बंद दिसून राहिला. बरं आहे ना?" आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावरून माणूस आहे की नाही ते कळतं. मी जिवंत आहे असं तिला सांगितलं आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसले. कूलर बंद करण्याचं कारण साधं आहे. टाका घालताना वाऱ्याचा झोत लागला की कथील आतून नीट धरायच्या आधीच वरून गार होतं. जोड झालेला दिसतो, पण झालेला नसतो. महिनादोन महिने टिकतो आणि एक दिवस सुटतो. लॅबमध्ये दरवर्षी नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी हेच ओरडून सांगायचे, पंखे बंद करा. पोरं मला पंखाबाई म्हणायची, मला माहीत होतं.

बाराही पाट्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि भिंग घेतलं. अकरा पाट्यांवर एकाच हाताचं काम होतं. बारीक, नेटके, एकसारखे टाके. माझेच. रेडिओ दुरुस्तीच्या क्लासला मी एकटी मुलगी होते आणि माझ्या टाक्यांचं सगळ्यांत कौतुक व्हायचं. महालातला कार्यक्रम झाला त्या वर्षीच्या मे महिन्यात मी बाज्याच्या सगळ्या पाट्या काढून जुने टाके नव्याने घातले होते. पण भिंगाखाली ते चमकत नव्हते. राखाडी, रवाळ. आणि टाक्यामधून येणाऱ्या तारेभोवती बारीक गोल चीर. एका पाटीवर चीर, दुसरीवर चीर, अकराही पाट्यांवर चिरा.

मग मला तो मे महिना आठवला. आमच्या जुन्या भाड्याच्या घरी, खिडकीतल्या कूलरच्या अगदी पुढ्यात चटई टाकून मी बसले होते. ओल्या वाळ्याचा वास होता, समोर पाट्या, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेला आईचा अडकित्ता. कूलर मी बंद केला नव्हता. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोण बसतं?

बारावी पाटी काळी दोनची. तिच्यावर बाकी सगळे टाके माझे, आणि मुख्य तारेवर एक भलताच गोळा होता, हरभऱ्याएवढा. भोवती पेस्ट जळून पाटी तपकिरी झालेली, तारेची टोकं दाढीसारखी बाहेर. असला टाका घालणारा माणूस मी एकच पाहिला होता. दादा. माइकच्या वायरी तो असाच जोडायचा आणि मी त्याला त्यावरून चिडवायचे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी स्वतः झाकण उघडून आतली धूळ पुसली होती. तेव्हा हा गोळा तिथे नव्हता. म्हणजे कार्यक्रमानंतर कधीतरी त्याने बाजा उघडला, सुटलेला टाका पाहिला, तो कुणाचा आहे हे ओळखलं, आणि आपल्या ओबडधोबड हाताने जोडला.

टेम्पोने काही झालं नव्हतं. माझ्या हाताने झालं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

डोक्यावरचा पंचा सुकून कडक झाला होता. पहिल्यांदा आला तो राग, आणि तोही त्याचाच. हा माणूस चाळीस वर्षं गप्प बसून मोठेपणा करत होता आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. मग राग ओसरला आणि खूप लाज वाटली. आणि मग जे वाटलं ते सगळ्यांत वाईट होतं. हे सांगायला मला घरात कुणी नव्हतं. शेजारणीला काय सांगणार, काळी दोन म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. टीव्ही लावला. त्यात कुणीतरी ओरडत होतं. बंद केला.

पुढचे आठ दिवस पहाटे उठून, ऊन भिंतीवर येईपर्यंत मी टाके घालत होते. अकरा पाट्या, प्रत्येक जोड नवा. पट्ट्यांखालच्या तारा स्पिरिटने पुसल्या. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेऊन एकेक सूर लावला. तोही सकाळीच, कारण दुपारच्या उन्हात सगळे सूर आपापल्या मर्जीने हलतात. बारा सूर लागले. दादाचा गोळा मात्र मी काढला नाही. लॅबच्या नियमाने काढायला हवा होता. अशा टाक्याला मी पोरांना शून्य दिलं असतं.

आणि मग बाजा तयार झाला. मी वाजवायला बसले. बोटं आखडलेली होती, तरी तो जुना तुकडा बोटांनी शोधून काढला. सा वाजला. शेवटपर्यंत वाजला. वाजवून झाल्यावर खोलीत कूलर बंद असल्याची शांतता होती आणि मला समजलं की दादाला सांगितल्याशिवाय हा बाजा पुन्हा वाजवायचा मला हक्क नाही.

फोन केला. वहिनीने उचलला.

"त्यायले फोनवर ऐकूच येत नाही ताई. कानाचं मशीन घेऊन देलं, तर घालतच नाहीत. कायचा निरोप आहे, मले सांगा ना."

हा निरोप वहिनीकडे कसा देणार? काही नाही, सहज केला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.

बसमध्ये वाक्य जुळवत होते. दादा, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. हळू आवाजात, त्याच्याजवळ बसून सांगायचं होतं. सावनेरपर्यंत चारदा बदललं.

घरासमोर वाळू, गिट्टी, चार मजूर. दादा निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मानेची हाडं दिसत होती. सात वर्षांत माणूस एवढा वाळतो हे कुणी मला कळवलं नव्हतं, आणि कळवायला मी कुणाला जागा ठेवली होती?

"कशी आली वं?" तो म्हणाला.

"बसनं."

"काय?"

"बसनं आली!"

"हां हां. बस. चहा घेशीन?"

वहिनी चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि बसमध्ये ठरवलेलं वाक्य हळूच म्हटलं. त्याने हात कानामागे नेला. मी थोडं मोठ्याने म्हटलं. त्याने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मग मी पुरती ओरडले.

"दादा! माही चूक होती! बाज्याचा टाका माहा होता! तूनं नाही फेकला!"

मजुरांची फावडी थांबली. शेजारच्या घरातून एक बाई पदर सावरत दारात आली. त्याच्यावर आळ घेतला तेव्हा तीन गल्ल्यांनी ऐकला होता. आता ही कबुली निदान एका गल्लीने ऐकली, बरं झालं, असं मला त्याही स्थितीत वाटलं.

दादा थोडा हसला. "मले माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी खोलून पाह्यला होता. टाका सुटला होता. जोडून टाकला म्या."

"मग काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? पोरीनं हात लावला म्हणून बंद पडला, असंच म्हणाले असते सारे. तुले कोणी पुन्हा हात लावू देला नसता. टेम्पोवर गेलं तर गेलं."

"मले एकटीले सांगायचं ना!"

त्याला हे ऐकू आलं की नाही कळलं नाही. तो खाली वाळूकडे पाहत होता. वहिनी चहा घेऊन आली आणि तिनेच सांगितलं. दर दसऱ्याला हे माळ्यावरून बाजा खाली उतरवायचे. पुसायचे, फुलं वाहायचे, वायर लावून चालू करायचे, आणि तसाच दिवसभर बैठकीत राहू द्यायचे. गुडघे गेले तेव्हा हे थांबलं. "म्या म्हणो, कोण वाजवते घरात? तर म्हणत, राहू दे."

दादाने बशीतून चहाचा घोट घेतला.

"दसऱ्याले तू सोनं द्याले येशीन म्हटलं," तो म्हणाला. "आली की बसवीन बाज्यावर, मग सांगीन. बाजा तर चालूच होता वं. तूच नाही आली."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिले, मजूर पाहत होते तरी.

मी आले होते. पार्टी मोडली त्याच वर्षी, दसऱ्याला, दुपारच्या बसने. पर्समध्ये आपट्याची पानं होती. खाप्याच्या स्टँडवर उतरले, बाकावर बसले, आणि तो आधी माझ्याकडे यायला हवा, चूक त्याची आहे, असं स्वतःला बजावत राहिले. मग त्याच बसने परत गेले. त्याच्या घरापासून तो स्टँड दहा मिनिटांवर आहे. हे त्याला सांगायचं होतं. पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याहून हळू बोललेलं त्याला ऐकू येत नव्हतं.